कृष्णवर्णीय कला-संस्कृतीच्या संग्रहालयात लोकांसाठीचे कार्यक्रम कसे आखायचे?

प्रश्न थोडक्यात असा: "मी बडोद्याला म्युझिऑलॉजी, म्हणजे संग्रहालयशास्त्र, शिकले. आता अमेरिकेत कृष्णवर्णीय कलेला वाहिलेल्या एका संग्रहालयात पब्लिक प्रोग्रॅम विभागात वर्षभरासाठी रुजू होतेय. तिथे कार्यक्रम नेमके कसे ठरतात? पहिल्या महिन्यात मी काय करावं? आणि मी मराठी, बाहेरची. तिथे बोलायचा मला काय अधिकार?"

अठरा वर्षं मी हेच काम करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे संग्रहालयातला कार्यक्रम म्हटलं की आधी प्रदर्शन लागतं आणि मग त्याच्या जोडीला एक व्याख्यान, एक कार्यशाळा, सुट्टीत मुलांचं शिबिर. तुम्ही जिथे निघालात तिथे क्रम उलटा आहे. यातली बरीचशी संग्रहालयं म्हणजे सुरुवातीला माणसांचं एकत्र जमणं होतं. इमारत आणि संग्रह मागाहून आले. हे एकदा मनात बसलं की पुढची कामं आपोआप सुचतात.

शिकागोत 1961 साली मार्गारेट बरोज या चित्रकार शिक्षिकेनं आणि त्यांच्या पतींनी साउथ मिशिगन अव्हेन्यूवरच्या राहत्या घरी संग्रहालय काढलं. आज ते डूसाबल संग्रहालय म्हणून ओळखलं जातं. दिवाणखान्यात वस्तू मांडलेल्या, आणि शाळेत जे शिकवलं जात नव्हतं ते ऐकायला मुलं घरी यायची. डेट्रॉइटमध्ये 1965 साली चार्ल्स राइट या प्रसूतितज्ज्ञ डॉक्टरांनी असंच केलं. न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत 135व्या रस्त्यावरच्या सार्वजनिक वाचनालयानं 1926 साली आर्तुरो शोमबर्ग या संग्राहकाचा पुस्तकं, हस्तलिखितं आणि चित्रांचा संग्रह घेतला. कार्नेगी कॉर्पोरेशन या देणगी देणाऱ्या संस्थेनं त्यासाठी 10,000 डॉलर दिले. पण वाचनालयाची खरी शान तिथल्या वर्दळीत होती. 1940 साली त्याच्या तळघरात अमेरिकन नीग्रो थिएटर सुरू झालं आणि हॅरी बेलाफोंटे, सिडनी पॉइटिए हे पुढे गाजलेले नट तिथे घडले. आज त्या जागी शोमबर्ग सेंटर आहे. तिथल्या एका दालनाच्या फरशीत नद्यांचं मोठं वर्तुळाकार चित्र जडवलंय आणि त्याखाली कवी लँगस्टन ह्यूजेस यांच्या अस्थी आहेत. लोक त्यावरून चालतात, त्यावर उभं राहून गप्पा मारतात, कार्यक्रमाच्या वेळी तिथे गर्दी होते. तिथे गेलात तर पाच मिनिटं नुसत्या उभ्या राहा. पूर्वज आणि वर्दळ यांना तिथे वेगळं काढलेलं नाही.

पण मला विचाराल, तर या कामातलं सगळ्यात मोठं उदाहरण वॉशिंग्टनच्या अ‍ॅनाकोस्टिया भागातलं. स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालयं चालवणाऱ्या संस्थेनं 1967 साली तिथे एका बंद पडलेल्या सिनेमागृहात वस्तीसाठी छोटं संग्रहालय उघडलं आणि त्याची सूत्रं जॉन किनार्ड या तरुण धर्मोपदेशकाकडे दिली. किनार्ड लोकांत काम केलेले होते, संग्रहालयाचं शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. वस्तीतली मुलं येऊन त्यांच्याशी बोलत, आणि त्या बोलण्यात उंदरांचा विषय निघे. घराघरांत उंदीर होते. दुसऱ्या कुणी हा विषय आरोग्य खात्याकडे ढकलला असता. किनार्ड यांनी 1969 साली त्यावर प्रदर्शनच भरवलं. नाव होतं, 'उंदीर: माणसानं बोलावून घेतलेली पीडा'. मागच्या अंगणासारखी जागा उभी करून त्यात जिवंत उंदीर सोडले होते. उंदीर कुठे राहतो, काय खातो, त्याच्यापासून काय रोग होतात आणि त्याला हटवायचं कसं, हे सगळं तिथे होतं. काचेत जपलेल्या मौल्यवान वस्तू बघायची सवय असलेल्या संग्रहालयविश्वाला हा मोठा धक्का होता. वस्तीला मात्र तो धक्का नव्हता, कारण प्रश्न तिचाच होता.

नव्या सहकाऱ्यांना मी हीच गोष्ट पहिल्यांदा सांगते. आपल्या विषयाच्या व्याख्येत काय बसतं हे आपण ठरवत बसलो, तर दार उघडं ठेवूनही कुणी आत येत नाही.

त्याच साली नेमकं उलटं उदाहरण न्यूयॉर्कमध्ये घडलं. मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं जानेवारी 1969 मध्ये हार्लेमवर मोठं प्रदर्शन भरवलं. भिंतभर छायाचित्रं होती, ध्वनिमुद्रणं होती, पण हार्लेमच्या चित्रकारांचं एकही चित्र नव्हतं, शिल्पकारांचं एकही शिल्प नव्हतं. कलावंत दारावर फलक घेऊन उभे राहिले. हार्लेमविषयी बोलायचं आणि हार्लेमला बोलू द्यायचं नाही, यावरचा तो राग होता. त्या प्रदर्शनानं एक चांगली गोष्टही केली, ती सांगायला हवी. जेम्स व्हॅन डर झी हे हार्लेमचे छायाचित्रकार तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. अनेक दशकं त्यांनी तिथली लग्नं, बारशी, अंत्ययात्रा, संस्थांचे मेळावे टिपले होते. त्यांचं काम जगासमोर आलं ते तिथूनच.

हार्लेममधलं स्टुडिओ म्युझियम 1968 चं. भाड्याच्या जागेत सुरू झालं, पण पहिल्यापासून कलावंतांना तिथेच काम करायला जागा द्यायची, हा त्याचा पाया राहिला. डेव्हिड हॅमन्स, केरी जेम्स मार्शल, केहिंदे वायली ही आज जगभर माहीत असलेली मंडळी तिथे निवासी कलावंत होती. स्टुडिओ उघडे असायचे त्या दिवशी 125व्या रस्त्यावरून कुणीही वर जावं आणि रंग ओला असतानाच चित्र बघावं. चित्रकाराला सरळ विचारावं की हे असं का. माझ्या मते याच्याइतका स्वस्त आणि परिणामकारक कार्यक्रम दुसरा नाही. 2001 पासून ते हायस्कूलच्या मुलांसाठी छायाचित्रणाचा उपक्रम चालवतात, आणि त्याचा आधार म्हणजे त्याच व्हॅन डर झींचा संग्रह. मुलं आधी जुने फोटो बघायला शिकतात, मग स्वतःची गल्ली टिपतात. 2018 साली नव्या बांधकामासाठी इमारत बंद झाली तेव्हाही त्यांनी बागांत आणि शेजारच्या संस्थांमध्ये कामं मांडली. नोव्हेंबर 2025 मध्ये नवी वास्तू उघडली, तिच्यात तळाकडे उतरणाऱ्या रुंद पायऱ्या मुद्दाम बसण्यासाठी केल्या आहेत. हार्लेममध्ये घरापुढच्या पायरीवर बसून लोक संध्याकाळ घालवतात, तीच पायरी आत आणली. आपल्याकडचा ओटा आठवला मला.

आता कामाचं. यातलं पुष्कळ मी चुकत चुकत शिकले, म्हणून चुकीपासूनच सुरू करते.

पहिल्या नोकरीत माझ्याकडे गोधड्यांचा कार्यक्रम आला. तिथे त्यांना क्विल्ट म्हणतात, पण मी गोधडीच म्हणेन. अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीतल्या स्त्रियांनी जुन्या कपड्यांच्या केलेल्या गोधड्या आता मोठमोठ्या कलासंग्रहालयांत टांगलेल्या आहेत. मी एका विद्वान बाईंचं व्याख्यान ठेवलं, गुरुवारी दुपारी तीन वाजता. बारा-तेरा माणसं आली, सगळी विद्यापीठातली. वस्तीतल्या ज्या बायकांच्या आयांनी आयुष्यभर गोधड्या शिवल्या, त्या त्या वेळी कामावर होत्या.

पुढच्या खेपेला व्याख्यान ठेवलंच नाही. शनिवार सकाळ, चर्चचं तळघर, लांब टेबलं, त्यांवर स्वच्छ चादरी, आणि निरोप एवढाच की घरातली गोधडी घेऊन या, कशीही असो. सत्तरीच्या पुढच्या एक बाई प्लॅस्टिकच्या पिशवीतून गोधडी घेऊन आल्या. वडिलांच्या कामाच्या पँटी फाडून आईनं केलेली. निळं कापड धुऊन धुऊन जवळजवळ राखाडी झालं होतं. पण एका पट्टीवर, हाताच्या पंजाएवढा चौकोन अजून गडद निळा होता. तिथे खिसा होता, तो उसवून काढलेला. खिशाखालच्या कापडाला ऊन लागलंच नव्हतं. बाईंनी त्या चौकोनावर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग त्या बोलायला लागल्या. वडील कुठल्या मळ्यात राबत, हिशेबाच्या दिवशी मालक काय सांगे, रात्रीतून गाव सोडून उत्तरेची गाडी कशी धरली. टेबलाभोवती तीसेक माणसं होती, कुणी हललं नाही. माझ्या आजीची गोधडी मला माहीत होती, म्हणून मला वाटत होतं की हे मला कळतं. त्या चौकोनाबद्दल मात्र मला कुठल्याच पुस्तकानं सांगितलं नव्हतं.

माझं या कामातलं सगळं म्हणणं त्या सकाळीत आहे. लोक संग्रहालयात माहिती घ्यायला येतात असं आपण समजतो, पण ते माहिती घेऊन आलेले असतात. ती बाहेर यावी अशी जागा, वेळ आणि सोबत उभी करणं म्हणजे आपलं काम.

वॉशिंग्टनचं राष्ट्रीय आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालय 24 सप्टेंबर 2016 ला उघडलं. त्याला संसदेची मंजुरी 2003 सालची, आणि सुरुवातीला त्यांच्याकडे संग्रह म्हणून काहीही नव्हतं. पहिले संचालक लॉनी बंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 पासून गावोगाव कार्यक्रम घेतले, सुरुवात शिकागोपासून. लोकांनी माळ्यावरच्या, ट्रंकेतल्या वस्तू आणायच्या, आणि तज्ज्ञांनी त्या बघून कशा जपायच्या ते सांगायचं. वस्तू मागायची नाही, आधी जपायला शिकवायचं. शिकागोत रेल्वेच्या पुलमन डब्यांतल्या, म्हणजे झोपायची सोय असलेल्या डब्यांतल्या, पोर्टरची पांढरी टोपी आली. अशा कार्यक्रमांतून वस्तू मिळत गेल्या आणि वस्तूंबरोबर विश्वासही. त्याच संग्रहालयात लोकांच्या घरच्या जुन्या फिल्मच्या रिळांची फुकट डिजिटल प्रत करून देतात. घरात प्रोजेक्टर राहिलेला नाही, आजोबा गेले, आणि अचानक पडद्यावर ते 1960 च्या आसपासच्या अंगणात मांस भाजताना हसताना दिसतात. तुमच्या संग्रहालयात पैसा कमी असला तरी एक चांगला स्कॅनर आणि दोन स्वयंसेवक एवढ्यावर असा दिवस घेता येतो. अट एकच ठेवा, मूळ वस्तू त्याच दिवशी मालकाच्या हातात परत गेली पाहिजे. या समाजाकडून पुष्कळ काही नेलं गेलं आणि परत आलं नाही. "ठेवून जा, कळवतो" हे वाक्य तिथे कधीही उच्चारू नका.

वंशावळीचे कार्यक्रम तुम्हाला नक्की करावे लागतील, कारण त्यांना सगळ्यात जास्त गर्दी होते. त्यासाठी एक गोष्ट पाठच करून जा. अमेरिकेच्या 1850 आणि 1860 च्या जनगणनेत गुलाम केलेल्या माणसांच्या वेगळ्या याद्या आहेत, त्यांत मालकाचं नाव आहे आणि त्याच्याखाली फक्त वय, लिंग, रंग. माणसांची नावं जवळजवळ कुठेच नाहीत. नावानिशी ती दिसू लागतात 1870 च्या जनगणनेत. त्यामुळे शोध घेणारा माणूस 1870 पाशी येऊन भिंतीला धडकतो. ती भिंत ओलांडायला 1865 ते 1872 या काळातले फ्रीडमन्स ब्यूरोचे, म्हणजे गुलामीतून सुटलेल्यांसाठीच्या सरकारी खात्याचे, कागद उपयोगी पडतात. त्यांत मजुरीचे करार आहेत, लग्नांच्या नोंदी आहेत, ताटातूट झालेल्या नातलगांची चौकशी आहे. हे हस्तलिखित कागद वाचून टंकायचं काम हजारो स्वयंसेवकांनी घरबसल्या केलंय. मोडी वाचायला शिकणाऱ्यांचा गट तुम्ही पुण्यात पाहिला असेल, तर ते वातावरण ओळखीचं वाटेल. शेजारी बसून चार माणसं एका अक्षरावर वाद घालतात. फरक एवढा की इथे त्या अक्षरातून कुणाच्या तरी खापरपणजीचं नाव निघतं. टेबलावर टिशू पेपरचा खोका ठेवा आणि नाव सापडलेल्या माणसाला लगेच पुढचा फॉर्म भरायला लावू नका.

वेदनेचा इतिहास सांगणाऱ्या कार्यक्रमांबद्दल माझं मत ठाम आहे. शिकाऊ असताना एका ठिकाणी मी पाहिलं: शाळेच्या मुलांना जमिनीवर चिकटपट्टीनं आखलेल्या चौकटीत दाटीवाटीनं झोपायला सांगितलं होतं, गुलामांच्या जहाजाची कल्पना यावी म्हणून. नऊ-दहा वर्षांची एक कृष्णवर्णीय मुलगी बाजूला उभी राहिली, गेलीच नाही. बाईंनी तिला दोनदा हाक मारली. तिनं दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते. त्या दिवसानंतर मी असं नाट्य कधी करू दिलेलं नाही. यातना अंगावर घेऊन कळत नाहीत, त्यांचा खेळ होतो, आणि ज्यांच्या पूर्वजांनी त्या भोगल्या त्यांच्या मुलांचा सगळ्यांदेखत अपमान होतो.

मग करायचं काय? राष्ट्रीय संग्रहालयात एमेट टिल याची शवपेटी आहे. हा चौदा वर्षांचा शिकागोचा मुलगा, 1955 साली मिसिसिपीत त्याचा खून झाला. आईनं पेटी उघडी ठेवली, मुलाचं काय केलं ते जगानं बघावं म्हणून. संग्रहालयात ती चर्चसारख्या शांत जागेत ठेवली आहे आणि तिथे फोटो काढू देत नाहीत. त्याच इमारतीत वरून पाणी कोसळत राहतं असं एक दालन नुसतं बसण्यासाठी ठेवलंय. म्हणजे बघायला लावल्यावर सावरायला जागा देणं हेही आखणीतच असतं. तुमच्याकडे दालन नसेल तर एक खोली, थोड्या खुर्च्या आणि कार्यक्रमानंतरचा अर्धा तास, एवढं राखून ठेवा. आणि दुःखाबरोबर नेहमी माणसांनी काय उभं केलं तेही असू द्या. चर्च, शाळा, जॅझ, वर्तमानपत्रं, केशरचना, स्वयंपाक. नुसत्या जखमा दाखवणारं संग्रहालय घरच्यांनाच नकोसं होतं.

भाषेची दोन पथ्यं. तिथे आता 'गुलाम' असं न म्हणता 'गुलाम केलेली माणसं' म्हणतात. गुलामी ही माणसाची जात नव्हे, कुणीतरी त्याच्याशी केलेली गोष्ट आहे, हे त्या शब्दात धरलेलं आहे. दुसरं पथ्य तुम्हाला मराठी म्हणून जपावं लागेल. वयस्कर बाई दिसली की आपल्या तोंडी सहज 'आंटी' येतं, आदरानंच. तिथे येऊ देऊ नका. गोरे लोक पिढ्यान्पिढ्या वयस्कर कृष्णवर्णीय बाईला 'मिसेस' म्हणायचं टाळून 'आंटी' म्हणत, आणि म्हाताऱ्या पुरुषालाही 'बॉय'. म्हणून ज्येष्ठांना 'मिस', 'मिसेस', 'मिस्टर' लावून आडनावानं हाक मारा. त्या आपणहून दुसरं काही म्हणायला सांगतील तेव्हाच बदला.

आता तुमच्या अधिकाराबद्दल. दुवे आपल्याकडे आहेत, आणि खरे आहेत. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, गुलामी नष्ट केल्याबद्दल. बाबासाहेब 1913 ते 1916 कोलंबिया विद्यापीठात होते, तिथून हार्लेम चालत जाण्याइतकं जवळ. 1946 साली त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि उत्तरही आलं. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर या संघटनेचं नाव घेऊन. आणि शोमबर्ग सेंटरनं 2013 साली भारतातल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांवर प्रदर्शन केलं, त्यात मलिक अंबर होता. आपल्या औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची आणि तेव्हाच्या खडकीची, उभारणी करणारा. हार्लेममधल्या मुलांना तो माहीत व्हावा आणि आपल्याकडच्या पुष्कळांना नुसता शत्रुपक्षाचा सरदार म्हणून माहीत असावा, याची मला खंत वाटते.

पण हे सगळं पहिल्या महिन्यात टेबलावर मांडू नका. पाहुणा घरात शिरल्याबरोबर स्वतःच्या गावच्या गोष्टी सांगायला लागला तर यजमान ऐकून घेतो, बोलत मात्र नाही. कुणी विचारेल तेव्हा सांगा. आणि त्याआधी स्वतःकडे बघा. आपल्या घरांत 'काळी' हा शब्द कुठल्या सुरात उच्चारला जातो, लग्नाच्या जाहिरातीत काय छापतात, अमेरिकेतल्या मराठी घरांत कुठल्या वस्तीत घर घेऊ नये म्हणून सांगतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. मलाही ते झटकायला वर्षं लागली. अधिकार तिथे कुणी देत नाही आणि नाकारतही नाही. तुम्ही दर शनिवारी आलात का, एवढंच बघतात.

बाकीचं भराभर. फेब्रुवारी हा तिकडे कृष्णवर्णीय इतिहासाचा महिना, सगळे कार्यक्रम त्यातच कोंबायचा आग्रह होईल. इतिहासकार कार्टर वुडसन यांनी 1926 साली या इतिहासाचा आठवडा सुरू केला तेव्हा त्यांना वर्षभराचं शिक्षण हवं होतं, हे वरिष्ठांना आठवून द्या आणि ऑगस्ट-सप्टेंबरही भरा. 19 जूनच्या मुक्तिदिनाला शेजारच्या चर्चचा स्वतःचा मेळावा असेल तर त्याच वेळी आपला ठेवू नका, त्यांच्यात जाऊन उभे राहा. बोलायला येणाऱ्या आजीबाईंना प्राध्यापकांइतकंच मानधन द्या, आणि त्याच दिवशी. जेवण ठेवा, स्थानिक माणसाकडून घ्या. ऐकू न येणाऱ्यांसाठी खूणभाषेचा दुभाषी सांगायला विसरू नका, तो तीन आठवडे आधी सांगावा लागतो. आलेल्यांचा आकडा वर कळवावा लागेलच, पण त्याशेजारी स्वतःच्या वहीत लिहून ठेवा की दुसऱ्यांदा कोण आलं आणि सोबत कुणाला घेऊन आलं.

पहिला महिना म्हणाल, तर एकही कार्यक्रम आखू नका. संग्रहालयाच्या दाराशी बसणाऱ्या सुरक्षारक्षकाशी रोज दहा मिनिटं बोला, लोक आत येता येता का परततात हे त्यांना माहीत असतं. आसपासची केशकर्तनालयं, चर्चं, शाळेची वेळ, बसचा थांबा कुठे आहे, शेवटची बस किती वाजता, हे चालून बघा. माझ्या त्या गुरुवारच्या व्याख्यानाचं गणित बसच्या वेळापत्रकातच चुकलं होतं. रुजू झालात की कळवा. तुमच्या भागात शनिवारी सकाळी कोणतं तळघर मोकळं असतं, हे शोधून ठेवलंत तर दुसऱ्या महिन्याचं आपण मिळून बघू.